झरोक्यावरचा दगड

शनिवार, ४ डिसेंबर १९४३. इंझोरी

काल दिवेलागणीला घरी पोचलो. कारंज्याच्या कापसाच्या जिनात सध्या बॉयलर पेटणार नाही. दगडी कोळशाच्या वॅगनी सगळ्या लढाईच्या कामाला लागल्या आहेत. मालकांनी आम्हा भट्टीवाल्यांना बोलावून सांगितलं, कोळसा आला की पत्र टाकू, तोवर आपापल्या घरी बसा. पगारही तोवर बंद.

एकवीस वर्षं मी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत भट्टीसमोर उभा असतो. हिवाळ्यात इंझोरी कशी असते ते पार विसरून गेलो होतो. फार थंड असते. सकाळी फळीवरची खोबरेलाची बाटली पाहिली तर तेल पांढरं होऊन तळाला बसलेलं.

निघताना इंजिनेरसाहेबांनी एक कोरी वही दिली. जिनात रोज लिहावं लागायचं, भट्टी किती वाजता पेटली, दाब किती, कोळसा किती गेला. हाताला सवय आहे, म्हणून इथेही लिहीन म्हणतो. घरी मी, बायको रंगूबाई आणि लेक तुळसा. तुळसा पहिल्या बाळंतपणाला दिवाळीत आसेगावहून आली आहे. दिवस भरत आले. मला पाहून तिला फार आनंद झाला. उठून पाणी द्यायला लागली, मी म्हटलं बस.

मंगळवार, ७ डिसेंबर

जळणाचा भाव ऐकून थक्क झालो. तांड्यावरचा सोमला दर साली आम्हाला लाकडाची गाडी घालतो. गेल्या साली तीन रुपये होती, यंदा नऊ म्हणतो. "जंगल ठेकेदारानं घेतलं, मिस्त्री. आमीच त्याच्यासाठी कोयसा पाडून राह्यलो. काडी उचलली तरी गार्ड धरते." मागल्या सालची कपाशीची पऱ्हाटी संपली, नवी उपटायला अजून दोन महिने आहेत. गोवऱ्या रंगूनं लावलेल्या आहेत, पण त्या पुरणार नाहीत.

आणि घरात जळण कसं जळतं ते मी तीन दिवस पाहतो आहे. चुलीचं तोंड एवढं मोठं की अर्धा जाळ बाहेर. जिनात अशी भट्टी कोणी चालवली असती तर त्याला मी दुपारच्या आत घरी पाठवलं असतं. आज चुलीच्या तोंडाला दोन विटा लावल्या. रंगू म्हणाली, "आता भाकर कुठून घालू, तुमच्या डोकश्यावरून?" एक वीट काढली.

संध्याकाळी अंगणात शेकोटी असते. शेजारचे सात-आठजण येऊन आमच्या जळणावर हात शेकतात आणि गप्पा मारतात. मी सांगितलं, शेकायचं त्यानं येताना एक लाकूड आणावं. सगळे हसले. मी हसलो नाही.

गुरुवार, ९ डिसेंबर

शेकोटीला कोणी आलं नाही. जळण वाचलं. एकट्यानं शेकायला मात्र कंटाळा येतो.

रविवार, १२ डिसेंबर

रंगूनं आज खरी अडचण सांगितली. बाळंतिणीच्या बाजेखाली सव्वा महिना विस्तव ठेवायचा असतो, दिवसाही आणि रात्रीही. त्याशिवाय अंघोळीचं पाणी, धुरी. तिच्या हिशेबानं तीन गाड्या लाकूड लागेल. तीन गाड्यांचे सत्तावीस रुपये, आणि मला जिनात महिन्याला बावीस मिळायचे, तेही आता मिळत नाहीत. विस्तव कमी केला तर आसेगावची माणसं बोल लावतील, की लेकीला माहेरी धड शेकसुद्धा मिळाला नाही. रंगूला त्याचीच काळजी. तुळसा म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा, मी घोंगडं घेईन." मी म्हटलं तू गप बस, हे काम माझं.

आणि खरोखर हे माझंच काम आहे. रंगूला समजावून सांगितलं की ऊब तयार करायला पैसे पडतात, पण ती पळून जाते ती फटींतून. बॉयलरला आम्ही दोरखंड, अस्बेस्टास, माती लावतो ते उगाच नाही. फट बुजवली की जळण निम्म्यावर येतं. रंगू म्हणाली, "पोरगी काय बॉयलर हाय?" बायकांना ही गोष्ट कळायला वेळ लागतो.

गुरुवार, १६ डिसेंबर

चार दिवस खोलीवर खपलो. उत्तरेकडची धाब्याची लहान खोली बाळंतपणासाठी धरली आहे. भिंतीच्या सगळ्या भेगा शेणमातीनं लिंपल्या. खिडकीत गवत भरून वर तरट ठोकलं. दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी जुन्या घोंगड्याच्या पट्ट्या मारल्या, दार आता ओढून लावावं लागतं आणि लावलं की उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही. धाब्यात, म्हणजे मातीच्या छपरात, उजेडासाठी झरोका ठेवलेला आहे, वीतभर रुंद. त्यावर वरून एक चपटा दगड ठेवून कडेनं माती लावली.

तुळसा दिवसभर उंबऱ्यात बसून बघत होती. माती कालवून देऊ का विचारत होती. पोटुशी पोर, तिला कशाला काम सांगायचं. पण बोलत बसली त्याचं बरं वाटलं. लहानपणी ती माझ्याशी फार बोलत नसे. मी शिमग्याला घरी आलो की आईच्या मागे लपायची.

सोमवार, २० डिसेंबर

काल सकाळी तुळसा बाळंत झाली. मुलगी. दोघी ठीक. सोजरबाई सुईण होती, हिनंच तुळसाला आणि मलाही जगात आणलं, त्यामुळे ती मला अरेतुरे करते. आसेगावला रामराव जावयांना निरोप धाडला.

सोजरबाईनं लगेच बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव घातला. घटकाभरात खोलीत इतका धूर की डोळे उघडवेनात, मग तिनं दार सताड उघडलं. म्हणजे माझ्या चार दिवसांच्या कामाचं मातेरं. धुराला वाट द्यायची तर ऊबही त्याच वाटेनं जाणार. तिला म्हटलं, बिनधुराचं जळण असलं तर दार लावशील ना? म्हणाली, "बिनधुराचा इस्तो मी अजून पाह्यला नाई, बापा."

मी दाखवतो.

बुधवार, २२ डिसेंबर

सोमलाच्या तांड्यावर जाऊन लाकडी कोळशाचं एक पोतं आणलं. ठेकेदाराच्या गाडीतून पडलेला चुरा आणि तुकडे आहेत, स्वस्तात मिळाला. एका जुन्या घमेल्याला भोकं पाडून शेगडी केली. बाहेर वारा घालून कोळसा लाल केला आणि बाजेखाली नेऊन ठेवला. धुराचं नाव नाही. दार लावलं. तासाभरात खोबरेलाची बाटली आत नेली तर तेल सुटून पातळ झालं. बाहेर तेच तेल दगड होतं.

एका घमेल्यात सकाळपासून दुपारपर्यंत निघतं. पोतं आठ-दहा दिवस जाईल. तीन गाड्या लाकूड वाचलं. जिनात असं काही केलं असतं तर साहेबांनी पाठ थोपटली असती. इथे रंगू फक्त म्हणाली, "खोली कोंदट वाटून राह्यली." बाळंतिणीची खोली कोंदटच असते. वारा लागू नये हे तर सोजरबाईसुद्धा म्हणते.

कोळसा देताना सोमलाची बायको हिरीबाई काहीतरी म्हणत होती. "मिस्त्री, हा कोयसा उघड्यावर जायजा. खोलीत कोंडून ठेऊ नका." उघड्यावर जाळला की दुप्पट लागतो आणि दुसरं पोतं त्यांच्याकडूनच घ्यावं लागतं. विकणारा माणूस असंच सांगणार. मी फक्त मान डोलावली.

शनिवार, २५ डिसेंबर

सकाळी खोलीत गेलो तर गारठा जाणवला. धाब्यावर चढून पाहिलं. झरोक्यावरचा दगड हातभर सरकलेला, माती फुटलेली. वानरं. पिंपळावर टोळी आलीच आहे, कालही कौलं फोडत होती शेजारच्यांची. दगड पुन्हा बसवून माती लावली.

बाळ काल रात्रभर रडलं असं रंगू म्हणाली. म्हणजे ऊब गेली की बाळ लगेच सांगतं. यापुढे हेही लिहून ठेवीन.

मंगळवार, २८ डिसेंबर

नोंद.
रविवार, दगड जागेवर. बाळ शांत. दिवसभर झोपलं.
सोमवार, दगड जागेवर. बाळ शांत. तुळसाही झोपून होती, जेवायला उठवावी लागली.
आज पुन्हा दगड सरकलेला. बाळ चार वेळा रडलं.

यावरून कोणालाही कळेल. रंगूला वाचून दाखवलं. तिनं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पीठ मळायला लागली. ती हल्ली रोज दुपारी धाब्यावर मिरच्या वाळत घालायला जाते. या उन्हात त्या एव्हाना दोनदा वाळल्या असतील. तिला सांगितलं, वर जातेसच तर वानरांवर लक्ष ठेव. "ठेवते," म्हणाली.

शुक्रवार, ३१ डिसेंबर

काल बारसं झालं. नाव जमना ठेवलं, रामरावांच्या आजीचं. जावई आले होते, शांत माणूस आहे. खोलीत डोकावून "मस्त गरम हाय" म्हणाले. मला बरं वाटलं. त्यांना वहीसुद्धा दाखवली.

बायका पाळण्याभोवती जमल्या म्हणून दार दिवसभर उघडं होतं. तुळसा हसत होती, तोंडावर तेज होतं. तिला म्हटलं आज बरी दिसतेस. म्हणाली, "आज डोकं दुखलं नाई." म्हणजे रोज दुखतं की काय? विचारलं तर म्हणे तसं काही नाही, थोडं. सोजरबाईच्या मते बाळंतिणीला अशक्तपणानं दुखतं. लाडूत डिंक वाढवायला सांगितला.

सोमवार, ३ जानेवारी १९४४

थंडी कडक. पाण्याच्या हौदाला हात लाववेना. कोळशाचं दुसरं पोतं आणलं आणि घमेलं गच्च भरून ठेवायला लागलो.

दुपारी तुळसाजवळ तासभर बसलो. बाळाला मांडीवर घेतलं. गालांना किती छान लाली आली आहे. तुळसानं विचारलं, बाबा, तुमी जिनात काय करता, मग तिला सगळं सांगितलं, भट्टी कशी भरायची, दाब कसा बघायचा, भोंगा किती वाजता होतो. एकवीस वर्षांत घरात हे कोणी विचारलं नव्हतं. बाहेर आलो तर माझंच डोकं जड झालं होतं आणि पाय लटपटले. चहा घेतला नव्हता.

तुळसाला आज ओकारी झाली. डिंक जास्त झाला असेल. कमी करायला सांगितला.

दगड आज पुन्हा सरकलेला होता. हे तिसऱ्यांदा. माझा संताप संताप झाला.

बुधवार, ५ जानेवारी

वानरांचा बंदोबस्त केला. चुना आणि वाळू कालवून दगड कायमचा बसवला. आता हत्ती आला तरी हलणार नाही. रंगू खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "अवो, राहू द्या ना थोडीशी फट. वानरं तरी काय नेतीन?" मी म्हटलं, नऊ रुपयांची गाडी नेतील. ती म्हणाली, "पोरीचं डोकं दुखते त्या खोलीत." मी म्हटलं, डोकं डिंकानं दुखत होतं, तो कमी केला ना. मग ती आत निघून गेली.

संध्याकाळी मानोऱ्याहून निरोप आला, तिची भावजय वारली. उद्या पहाटे जाते, दोन दिवसांनी येईल.

गुरुवार, ६ जानेवारी

रंगू निघाली. जाताना दोनदा मागे फिरून आली. "मी येईस्तोवर दार उघडं ठेवजा. येवढं आयका माह्यं." मी हो म्हटलं. मयताच्या घरी जाणाऱ्या बाईशी काय वाद घालायचा.

दिवसभर दार उघडं ठेवलं. संध्याकाळी बाटली आत नेली तर तेल सुटलंच नाही. एवढा कोळसा फुकट गेला.

शुक्रवार, ७ जानेवारी

ओट्यावर उन्हात बसून लिहितो आहे. सकाळी आठला सोजरबाईनं दोघींना न्हाऊ घातलं, धुरी दिली. ती गेल्यावर मी घमेलं गच्च भरून बाजेखाली ठेवलं आणि दार ओढून लावलं. रंगूला दिलेला शब्द आहे, पण ती इथे नाही आणि तिला थंडी वाजत नाही.

साडेदहाला कान लावला. आत अगदी शांत. बाळ रडत नाही, तुळसाही झोपली असावी. जानेवारीतली ही सगळ्यात थंड सकाळ आणि त्या खोलीत चैत्र आहे, हे माझ्या हातून झालं याचं समाधान वाटतं. जिनात वाफ तयार करतो ती मालकाची. ही ऊब माझ्या लेकीची आहे.

साडेअकरा. अजून शांत. जेवायला उठवू का? नको, झोप चांगली. एवढी शांत झोप मी कधी

सोजरबाई येताना दिसते. ही आत्ता कशाला? रंगूनं सांगून ठेवलं असणार. दारातच अडवतो, एकदा दार उघडलं की तासाभराची ऊब जाते.

सोमवार, १० जानेवारी

तीन दिवस लिहिलं नाही. सगळं जसं झालं तसं लिहितो.

मी सोजरबाईला दारात अडवलं. ती म्हणाली, "रंगीनं सांगतलं दुपारी येक चक्कर मार, बाजूले हो." मी म्हटलं झोपल्यात, ऊब जाईल. ती म्हणाली, "तीन घंटे लेकरू दूध मांगत नाई काय रे?" तरी मी हललो नाही. किती वेळ हललो नाही ते सांगता येत नाही. तिनं दोन्ही हातांनी मला ढकललं. सत्तर वर्षांची बाई.

तुळसाचं तोंड उघडं होतं आणि डोळ्यांतलं नुसतं पांढरं दिसत होतं. बाळ तिच्या कुशीत, मान लुळी. गाल लाल होते, मी त्या दिवशी कौतुक केलं तसेच.

सोजरबाईनं बाळ उचलून माझ्या हातात टाकलं, "भायेर पळ!" आणि स्वतः बाज ओढायला लागली. मी उघड्या अंगणात, वाऱ्यात, ओल्या टाळूचं लेकरू घेऊन उभा राहिलो आणि मला पहिला विचार आला की हिला वारा लागेल. हे लिहायला लाज वाटते पण तसंच झालं. मग सोजरबाईच्या ओरडण्यानं शेजारचे धावले. शेकोटीला ज्यांना मी लाकूड मागितलं होतं तेच. त्यांनी तुळसाला बाजेसकट बाहेर काढलं.

सोमला गावात लाकूड घालायला आला होता. त्यानं खोलीच्या दारात पाय ठेवला, वास घेतला, आणि घमेलं लाथेनं अंगणात उडवलं. "उताणी ठेवा तिले. तोंडावर पाणी मारा. गर्दी नका करू, हवा लागू द्या!" बाळ माझ्याकडून घेऊन पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तळव्यांना घासलं. बराच वेळ काही नाही. मग एक उचकी लागली आणि बारीक आवाज आला.

तुळसा सूर्य कलला तेव्हा शुद्धीवर आली. मला ओळखलं नाही.

मंगळवार, ११ जानेवारी

सोमलानं कोळशाचं सांगितलं, धूर दिसला नाही तरी कोंडलेल्या खोलीत त्याची हवा विषारी होते. रात्री थंडीत कोळशाच्या भट्टीवरचे दोन पोरगे खोपीत घमेलं घेऊन झोपले, दार लावून. सकाळी दोघेही गेलेले. तीन वर्षं झाली. त्यातला एक हिरीबाईचा भाऊ. म्हणून ती सांगत होती. मी तिच्या बोलण्याची किंमत पोत्याच्या भावानं केली.

आणि मी काही अडाणी माणूस नाही, हीच तर गोष्ट आहे. बॉयलरच्या धुराड्यात एक झडप असते. ती बंद ठेवून भट्टी पेटवायची नाही, हे एकवीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला मी कान धरून सांगत आलो. तरी माझ्या डोक्यात एकच होतं, धुराडं धुरासाठी असतं आणि इथे धूर नाही. दाबाची, कोळशाची, रडण्याची नोंद ठेवली. ती नोंद आज पुन्हा वाचली. पोर रडत होती तेव्हा ती बरी होती. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

बाळ जगलं, पण दूध ओढत नाही. तुळसाचे हात कापतात. सोजरबाई कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध बाळाच्या तोंडात घालते आहे. रंगू शनिवारीच आली. आल्यापासून ती तुळसाच्या उशाशी आहे.

बुधवार, १२ जानेवारी

बाळ ओढत नाही. छिन्नी घेऊन धाब्यावर गेलो. चुना चांगलाच धरला होता, माझं काम कच्चं नसतं. दगड फोडायला अर्धी सकाळ गेली. रंगू शिडीनं वर आली, मिरच्यांचं सूप काखेत. मी म्हटलं, तूच सरकवत होतीस.

"मंग कोन?"

"मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं नाई? कोंदट वाटते म्हनलं. डोकं दुखते म्हनलं. फट राहू द्या म्हनलं. तुमी वहीत लिहून राह्यले व्हते."

मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस धाब्यावर बसून रडला आणि खालून शेजारच्यांनी पाहिलं. पाहू देत. रंगू तिथेच मिरच्या उलटसुलट करत बसली. नंतर म्हणाली, "मी बी दार काढून फेकाले पायजे व्हतं. वानराच्या नावाआड लपून राह्यली." तिची त्यात काही चूक नाही. मी तसं तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही.

गुरुवार, १३ जानेवारी

आज पहाटे बाळानं दूध ओढलं. आधी दोन घोट, मग झोपलं, मग पुन्हा. रंगूनं दारातून सांगितलं.

मंगळवार, १८ जानेवारी

तुळसाचे हात कापायचे थांबले. बोलते नीट, मधूनच एखादी गोष्ट विसरते. सोजरबाई म्हणते, होईल बरं. आता सगळा कारभार रंगूच्या हातात आहे. खिडकीतलं तरट काढलं. दिवसा बाज अंगणात, उन्हात, तिन्ही बाजूंनी लुगडी बांधून. रात्री बाळ आईच्या उघड्या अंगाशी, वरून दोन गोधड्या आणि घोंगडं. विस्तव बाहेरच पेटवायचा, विटा तापवायच्या आणि फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवायच्या. विस्तव खोलीत न्यायचाच नाही. आसेगावचे बोल लावतील का विचारलं तर रंगू म्हणाली, लावू द्या.

या आठवड्यात सगळ्यात कमी जळण लागलं. एवढंच लिहितो.

आज जिनाचं पत्रही आलं. कोळसा आला आहे, गुरुवारी, २० तारखेला भट्टी पेटवायची, त्या दिवशी हजर न झाल्यास दुसरा माणूस घेतला जाईल. कोणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, २१ जानेवारी

दुपारी अंगणात तुळसाजवळ बसलो होतो. मी तिची माफी मागायची असं आठ दिवस ठरवत होतो, जमत नव्हतं. शेवटी विचारलं, "एवढं डोकं दुखत होतं, ओकाऱ्या येत होत्या, तर मला का नाही बोललीस? आईला बोललीस."

ती बाळाकडे पाहत म्हणाली, "बाबा, मी झाली तवा तुमी जिनात व्हते. मले देवी आल्या तवा जिनात. हिवाळ्यात घरी बाप असते हे मले मालूमच नोतं. या साली पह्यल्यांदा तुमी आले आन माह्यासाठी माती कालवून भिंती लिंपत व्हते. रोज पुसत व्हते, गरम हाय ना? मी नाई कशी म्हनू?"

मी बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. ती म्हणाली, "आन सांगतलं असतं तर तुमी थांबले असते काय?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हटलं, "नसतो थांबलो, तुळसा."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं बाळ उचललं आणि माझ्याकडे धरलं. "घ्या. मी जरा पडते. ऊन जाईस्तोवर घेऊन बसा तिले."

मी बाळ घेऊन बसलो. सदऱ्याच्या खिशात पत्र होतं. त्यातली तारीख काल होऊन गेली.